तिसऱ्या भाषेतलं भांडण

हैदराबादच्या सुलतान बाजारातलं आमचं दुकान आम्ही मागच्या उन्हाळ्यात सोडलं. ओळखीचे लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, गाडी लावायला जागा नव्हती, जिना अरुंद होता, बॅटऱ्या चढवता-उतरवता कंबर गेली. हे सगळं खरंच आहे. पण जिना पहिल्या दिवसापासूनच अरुंद होता. दुकान सुटायला कारण मी झालो. ते कसं, हे सांगायचं तर आमच्या भागीदारीतल्या एका विचित्र नियमापासून सुरुवात करावी लागते.

आमचा धंदा इन्व्हर्टरचा. घर असो, दवाखाना असो, कोचिंग क्लास असो, लाईट गेली तरी तिथला पंखा आणि दिवे चालू राहिले पाहिजेत, एवढंच आमचं काम. इन्व्हर्टर विकायचा, बसवायचा, मग दर काही महिन्यांनी जाऊन बॅटरीत पाणी भरायचं, टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवायची आणि व्हॅसलीन लावायचं. त्या काळातल्या माझ्या प्रत्येक पँटला गुडघ्यापाशी ॲसिडची भोकं असत. बायको म्हणायची, "अहो, लग्नाकार्याला घालायची एक तरी वेगळी ठेवा." ठेवली की त्याच दिवशी एखाद्या डॉक्टरचा फोन यायचा आणि मी तशीच घालून निघायचो.

माझा भागीदार पुण्याचा. आयटीच्या नोकरीसाठी हैदराबादला आला होता. एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर आणि यूपीएसची व्यवस्था बघायचा. मी तेव्हा एका डीलरकडे टेक्निशियन होतो. त्याच्या ऑफिसातला यूपीएस बंद पडला म्हणून मला पाठवलं होतं. काम करता करता आईचा फोन आला आणि मी तिच्याशी बोललो. ते ऐकून तो खुर्ची ओढून जवळ आला.

"अरे, मराठी?"

"हौ," मी म्हणालो.

"हौ काय? हो म्हण," तो म्हणाला आणि मला कॅन्टीनमध्ये चहाला घेऊन गेला.

तिथपासून मी त्याला पुणेकर म्हणायला लागलो आणि तो मला मियाँ. वर्षभरात त्याने नोकरी सोडली, मीही डीलरची सोडली. सुलतान बाजारात एका साड्यांच्या दुकानावर पोटमाळ्यासारखी खोली मिळाली. ती आमची पहिली जागा, आणि मला वाटायचं, शेवटचीही तीच असणार.

त्या जागेबद्दल मी किती सांगू. खालून नव्या साड्यांचा, खळीचा वास यायचा आणि वर आमचा ॲसिडचा. दोन्ही मिसळून जो वास व्हायचा तो मला अजून कुठे मिळालेला नाही. खिडकी रस्त्यावर उघडायची. जूनमध्ये शाळेची पुस्तकं घ्यायला आलेले आईबाप, हातात यादी आणि कडेवर धाकटं. लग्नसराईत दागिन्यांच्या दुकानाबाहेर ताटकळलेले नवरे. ऑटोवाले, बसचे हॉर्न, आणि मधेच सगळा बाजार एकदम गप्प. लाईट गेलेली. मग एकामागून एक जनरेटर धडधडायला लागायचे. आख्खा बाजार शिव्या घालायचा आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गालात हसायचो. दुसऱ्याच्या अंधारावर आमचं पोट होतं. पुणेकर म्हणायचा, "पापी आहोत रे आपण." मी म्हणायचो, "पापी तर पापी, फोन उचल."

पहिलं वर्ष असं हसतखेळत गेलं. मग एक दिवस एका दवाखान्यात आम्ही दोघं गेलो होतो. डॉक्टरही मराठीच, मुंबईकडचे. बॅटरी का तापते म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी वाकलेलाच म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी बघूलालो, दोन मिनटं."

"बघूलालो नाही रे," पुणेकर मागून म्हणाला, "डॉक्टर घाबरतील. बघतोय म्हण."

डॉक्टर हसले. मीही हसलो. पण त्यानंतर मी त्याच्याशी बोललोच नाही.

माझे वडील नांदेडकडच्या खेड्यातून रेल्वेच्या नोकरीला म्हणून इकडे आले. आमचं घर बौद्ध. आई संध्याकाळी वंदना म्हणायची आणि नंतर स्वयंपाक करता करता जे बोलायची त्यात हे करूलाले, बघूलाले, येऊलाले भरलेलं असायचं. माझ्यासाठी मराठी म्हणजे तीच. पुणेकराचं घर पुण्याच्या पेठेतलं. त्याची मराठी पुस्तकासारखी, घडी न मोडलेली. तो कुठल्या घरचा आणि मी कुठल्या, हा विषय आम्ही कधी काढला नाही. पण मराठी बोलायला लागलो की दोघांनाही ते ऐकू यायचं. उर्दू बोलून तरी काय, ती माझी गल्लीची भाषा. तिच्यात मी त्याला दोन वाक्यांत गार करू शकलो असतो आणि त्याला तोंडात मारल्यासारखं झालं असतं.

माझा अबोला त्याला सहन होईना. मग एके दुपारी तो चहाचे ग्लास टेबलावर ठेवून माझ्यासमोर बसला.

"हे बघ मियाँ. मराठीत भांडलो तर मी तुला बोलून हरवणार आणि तू मला न बोलून हरवणार. उर्दूत भांडलो तर तू मला कच्चा खाणार. दुकान बंद पडेल. त्यापेक्षा आपण तेलुगूत भांडू."

"तेलुगूत?"

"दोघांना सारखीच येते. म्हणजे येत नाही."

मी हसलो. नियम ठरला. कामाच्या गप्पा, चहा, चेष्टा मराठीत. पण मतभेद झाला की तेलुगू. त्या भाषेत आम्ही दोघंही कुणीच नव्हतो. ना त्याची पेठ, ना माझं खेडं. दोन अडाणी माणसं, हातात मोजके शब्द.

आता आठवलं तरी हसू येतं. पहिलं भांडण एका गिऱ्हाइकाच्या जुन्या बॅटरीवरून झालं. ती बदलून द्यायची की नाही.

"वद्दु," तो म्हणाला. नको.

"एंदुकु वद्दु?" का नको?

"नष्टम्." नुकसान.

"नीकु तेलीदु." तुला काही कळत नाही.

"नाकु तेलुसु!" मला कळतं!

इथे दोघांचीही तेलुगू संपली. आम्ही लहान पोरांसारखे एकमेकांकडे बघत राहिलो. शेजारच्या खोलीत वह्या-पेनांचं दुकान चालवणाऱ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना वाटलं, आम्ही तेलुगू शिकण्याचा क्लास लावलाय.

आणि त्या भांडणांत एक रीत आपोआप पडली. कुणीही ती ठरवली नव्हती. भांडता भांडता एखाद्याला शब्द सापडला नाही की दुसरा तो द्यायचा. मी रागाने "तुझ्या या... या..." म्हणत हात हलवत असलो, की पुणेकर स्वतःच म्हणायचा, "मोंडितनम्? हट्टीपणा?" "हौ, तेच. तुझ्या या मोंडितनम्मुळे गिऱ्हाईक जातंय!" स्वतःच्याच विरुद्ध वापरायला शब्द हातात द्यायचा. दोघांनाही येत नसला तर भिंतीवर थाप मारून अक्कांना विचारायचो. त्या पलीकडून ओरडून सांगायच्या. तोवर राग निम्मा उतरलेला असायचा. उरलेल्या रागात खरा मुद्दा तेवढा शिल्लक राहायचा, आणि मुद्दा एवढासाच असतो, तो सुटायचा. "सरे," एक म्हणायचा. ठीक आहे. "सरे," दुसरा म्हणायचा. मग मराठीत, "चल, चहा."

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते असं मी म्हटलं तर बायको रागवेल, पण ती वाचणार नाही. हिवाळ्यात नामपल्लीला प्रदर्शन भरलं की दोन्ही घरं मिळून जायचो. बायका शाली बघायच्या आणि आम्ही दोघं स्टॉलच्या मागे जाऊन कुठल्या कंपनीचा जनरेटर लावलाय ते बघायचो. त्याची मुलगी माझ्या खांद्यावर, माझी त्याच्या.

मग कामं वाटली गेली. तीही भांडण न होता. मी बाहेर, तो आत. मला लोकांच्या घरी जायला आवडायचं, त्याला मालाच्या ऑर्डरी, कंपनीशी इंग्रजीत बोलणं, बिलं हे जमायचं. विद्यानगरात मी घर घेतलं होतं. तिथली हॉस्टेलं, क्लासेस, म्हाताऱ्या प्रोफेसरांची घरं, सगळी माझी गिऱ्हाइकं. दिवसभर तेलुगू. त्यात मुलगी शाळेत तेलुगू शिकायला लागली, तर तिच्या पुस्तकातून मी अक्षरंसुद्धा गिरवली. काही वर्षांत मी तेलुगूत विचार करायला लागलो. चेष्टा करायला लागलो. म्हणी टाकायला लागलो. गिऱ्हाइकं विचारायची, तुम्ही मूळचे कुठले, करीमनगर की वरंगल?

आणि पुणेकर आत बसून होता. त्याची तेलुगू होती तिथेच राहिली.

हे मला कळत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. इथे तसं लिहिणार नाही. कळत होतं.

नवं राज्य झालं त्यानंतरची गोष्ट. लाईट जाणं हळूहळू कमी झालं. बाजारात जनरेटर धडधडेनासे झाले. फोन कमी यायला लागले. एका दुपारी पुणेकराने विषय काढला. छतावरच्या सोलरचं काम आपण शिकून घ्यायला हवं. त्याने त्याबद्दल खूप वाचलं होतं, माणसं भेटून आला होता. मला मात्र नवं काही शिकायचा कंटाळा आला होता आणि भीतीही वाटत होती. इन्व्हर्टरमध्ये मी राजा होतो. सोलरमध्ये मी कोण?

मतभेद झाला म्हणजे तेलुगू. त्याने सुरुवात केली, अडखळत. मी मधेच तोडलं. "निदानमे प्रधानम्," मी म्हणालो. रस्त्यावरच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ते, सावकाश जा म्हणून. मग मी पाच मिनिटं सरळ बोलत सुटलो. लोक कसे कर्ज काढून फसतात, छतावर माकडं कशी येतात, काय काय. माकडांवरून मी एक नक्कलही केली. भिंतीपलीकडे अक्का हसल्याचं मला ऐकू आलं आणि मी आणखी फुललो.

पुणेकर ऐकत होता. मग म्हणाला, "नामीद..." आणि थांबला. नामीद म्हणजे माझ्यावर. त्याने हात छातीवर ठेवला. "नामीद..." पुढचा शब्द त्याला येत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, जसं आम्ही एवढी वर्षं बघायचो तसं.

मला शब्द माहीत होता. नम्मकम्. भरवसा. सकाळीच एका गिऱ्हाइकाला मी तो वापरून आलो होतो.

मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलला आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटरीत पाणी भरायला लागलो.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "सरे."

त्यानंतर तो पटापट सरे म्हणायला लागला. मला एका टेक्निशियनला काढायचं होतं, सरे. रस्त्यालगत, तळमजल्यावर जागा बघावी असं त्याचं म्हणणं होतं, मी नको म्हणालो, सरे. भांडणं मिनिटात संपायला लागली. आणि मी मूर्ख, नाही, मूर्ख म्हणणं स्वतःला सोडून देण्यासारखं होईल, मी लबाड, लोकांना सांगत सुटलो की आमच्यात वाद म्हणून होत नाही.

इथल्या मराठी मंडळींच्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं. आयटीतली तरुण मुलं, स्वतःचं काहीतरी सुरू करणारी, त्यांना भागीदारी कशी टिकवावी हे अनुभवी माणसाने सांगावं. मी आमचा नियम सांगितला. वद्दु, तेलीदु, नष्टम्, सगळं नक्कल करून. सभागृह हसून लोटपोट झालं. मी पुढच्या रांगेत बसलेल्या पुणेकराला बळेच वर बोलावलं. "दोन शब्द बोल."

तो माइकपाशी आला. म्हणाला, "माझा भागीदार तेलुगू फार छान बोलतो."

टाळ्या पडल्या. तो उतरून जागेवर जाऊन बसला.

पुढच्या महिन्यात एक दिवस चहा पिता पिता, जसं एखादा उद्याच्या कामाचं सांगतो तसं तो म्हणाला, "मी पुण्याला परत जावं म्हणतोय. लेक तिकडेच नोकरीला लागली. दुकान तू ठेव."

"असं अचानक?"

"अचानक नाही."

"मग बोलला नाहीस कधी."

"बोललो असतो," तो म्हणाला. "पण मतभेद तेलुगूत बोलायचा असा आपला नियम. तेवढी तेलुगू मला येत नाही."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमणे मारायला तो पटाईत होता, आणि कितीतरी दिवसांत त्याने मला एकही मारला नव्हता, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांच्या बायकोने मला कधीच सांगितलं होतं, की हे दुकानात बोलायचेच बंद झालेत."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळीकडे नियमाचं कौतुक सांगत होतात. त्यात मी काय बोलू?"

दोन दिवस मी काम केलं, पण कुठे काय केलं ते आठवत नाही. शनिवारी त्याला फोन लावला.

"उद्या दुकानात ये. मराठीत भांडू."

"रविवारी?"

"रविवारी."

"मराठीत मी जिंकेन मियाँ."

"जिंक."

रविवारी बाजार निम्मा बंद असतो. खाली साड्यांचं दुकान बंद, शेजारी अक्कांच्या खोलीला कुलूप. त्या केव्हाच मुलाकडे राहायला गेल्या होत्या. आम्ही समोरासमोर बसलो. सुरुवातीला त्याला जमेना. "जाऊ दे रे," म्हणाला. मी म्हणालो, "नको, बोल." मग त्याने जी सुरुवात केली ती कितीतरी वेळ. सोलर. तो काढलेला टेक्निशियन, ज्याची चूक नव्हती, माझा अहंकार होता. गिऱ्हाइकांपुढे मी त्याला "आमचे ऑफिसवाले" म्हणायचो ते. त्याच्या वडिलांच्या आजारपणात तो पुण्याला गेला होता, तेव्हा मी त्याला न विचारता बॅटऱ्यांची कंपनी बदलली ते. त्याची मराठी तशीच धारदार होती. प्रत्येक वाक्य नीट घडी घातलेलं. मधेच तो थांबून म्हणाला, "लागतंय का?"

"लागूलालंय," मी म्हणालो. बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. त्यालाही आलं असणार. तो काही म्हणाला नाही.

मग मी म्हणालो, "सोलरच्या वेळी तू अडला होतास. तो शब्द मला येत होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"तू कॅन उचललास आणि पाणी भरायला लागलास." तो खिडकीकडे बघत होता. "कॅन रिकामा होता."

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण तो खोटं बोलत नाही. इतकी वर्षं हा माणूस, मी रिकाम्या कॅनने बॅटरीत पाणी भरत होतो हे मनात ठेवून, रोज सकाळी येऊन शटर उघडत होता.

मी माफी मागितली. ती मी कुठल्या शब्दांत मागितली ते लिहीत नाही, शब्द साधेच होते. त्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "एक गोष्ट मागू?"

"माग."

"एक निर्णय माझा. तू हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. मधे पडायचं नाही."

"कुठला?"

"ही जागा सोडायची. आपली निम्मी गिऱ्हाइकं गावाबाहेर गेली. इथे ट्रक थांबवता येत नाही, सोलरचं पॅनल त्या जिन्यातून वर येणार नाही. तळमजल्यावर जागा घ्यायची आणि छतांचं काम सुरू करायचं. उशीर झालाय, पण करायचं."

माझ्याकडे उत्तरं तयार होती. मराठीत होती, उर्दूत होती, तेलुगूत तर म्हणीसकट होती. जुन्या गिऱ्हाइकांना हीच जागा माहीत. भाडं कमी. आणि मला, मला या खिडकीशिवाय कुठे बसायचं?

मी एवढंच विचारलं, "म्हणजे तू राहशील?"

"ते मी सांगत नाही," तो म्हणाला. "राहण्याच्या बदल्यात मागत नाहीये. ही जागा धंद्याला चुकीची आहे म्हणून मागतोय. माझं जायचं का राहायचं ते नंतर बघू."

मी गप्प बसलो. मी हो म्हणायचं नव्हतं.

उन्हाळ्यात सामान हललं. लाकडी रॅक निघाले तेव्हा मागच्या भिंतीवर बॅटऱ्यांचे काळे चौकोन उमटलेले दिसले. एकाखाली एक. हमाल घाई करत होता. मी खिडकीत शेवटचा उभा राहिलो. खाली एक बाई साडी उन्हात धरून रंग तपासत होती, तिचा नवरा घड्याळ बघत होता. मला रडू आलं नाही. खाली गाडीतून पुणेकर ओरडला, "मियाँ, उतर, मागे बस अडलीय!"

नवी जागा विद्यानगरच्या आतल्या गल्लीत, एका घराच्या पुढच्या भागात. दारात गाडी लागते. वास कसलाच नाही. मला ती अजून आवडत नाही. कामं येतात, थोडी थोडी. पुणेकराची बायको मुलीकडे पुण्याला जाऊन-येऊन असते. तो अजून इथे आहे. जाणार का, हे मी विचारत नाही. रोज सकाळी दुकानाशी वळताना त्याची स्कूटर दिसते का ते मात्र लांबूनच बघतो.

मागच्या आठवड्यात एका हॉस्टेलच्या गच्चीवर पॅनल लावत होतो. म्हणजे तो लावत होता. मी खाली शिडी धरून उभा. हॉस्टेलचे मालक अंगणात. वरून पुणेकराने तेलुगूत काहीतरी सांगितलं, पाण्याची टाकी सरकवावी लागेल, सावली पडते, असं. क्रियापदं सगळी उलटीसुलटी. मालकांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सांगा की तुम्ही, अशा नजरेने. शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी म्हणालो, "त्यांनाच विचारा. काम त्यांचं आहे."

मालक वर ओरडले. पुणेकर खाली ओरडला. हातवारे झाले. टाकी, ऊन, सावली. शेवटी पुणेकर खाली उतरून आला, खडूने जमिनीवर चित्र काढलं, आणि मालकांना कळलं. अर्धा तास गेला. मला वाटलं, आज मी बरोबर वागलो.

गाडीत बसल्या बसल्या तो भडकला.

"तू तिथे शुंभासारखा उभा का होतास? सांगता येत नव्हतं त्यांना?"

"तूच म्हणालास, मधे पडायचं नाही."

"मधे पडू नको म्हणालो. मुका हो म्हणालो का? मी उन्हात करपत होतो वर!"

"मग बोललो असतो तर म्हणाला असतास, आला राजा तेलुगूचा."

"म्हणालो असतो! म्हणूनच सांगायचं नाही का? एवढं ऐकून घ्यायचं की!"

"मग नेमकं केव्हा बोलायचं आणि केव्हा नाही, ते सांगून ठेव ना एकदा."

"ते काय सांगून ठेवायचं असतं? माणसाकडे बघून कळत नाही? पूर्वी बरं कळायचं तुला!"

"पूर्वी तू वर नसायचास, समोर बसून माझ्याकडे बघायचास. गच्चीवरून तुझं तोंड मला दिसूलालं का?"

तो हसला की खोकला ते नीट कळलं नाही. गाडी तोच चालवत होता. दुकानाची गल्ली मागे पडली, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"उद्या तू वर चढ," तो म्हणाला. "मी खाली थांबतो. मग कळेल तुला."

"मला त्यातलं काही येत नाही."

"शिकवतो," तो म्हणाला आणि पुढच्या वळणावर गाडी उलटी फिरवायला जागा बघू लागला.